दाताळं कोणी धरायचं

वीजघराला पाणी लागतं आणि पाण्यात मासे असतात. एवढ्या दोन गोष्टींवर माझं पोट चालतं. पंप तलावातून पाणी ओढतात, त्याबरोबर मासेही येतात आणि तोंडाशी बसवलेल्या लोखंडी जाळीला चपटे चिकटतात. ओढच अशी की मागे फिरता येत नाही. ते दाताळ्यानं खरवडून काढायचे, हे आमचं काम. जिवंत असला तर बांधापलीकडे सोडायचा, मेला तर खड्ड्यात टाकून वर चुना.

त्यात महसीर असतो. तो संरक्षित मासा. तसा बोर्डच लावलाय, चित्रासकट. मेलेला महसीरसुद्धा घरी नेता येत नाही की विकता येत नाही. जिवंतपणी पंपापासून कोणी वाचवत नाही, मेल्यावर मात्र सगळा कायदा हजर! सुरुवातीला मला याचा संताप यायचा. मग सवय झाली. आता डबाही आम्ही तिथंच उघडतो.

बायकोला दिवस गेले तेव्हा आई दुर्गहून पावर हाउस नावाच्या वस्तीत, आमच्या खोलीवर राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "हे पाय, पोटुशी बाईच्या नवऱ्यानं जीव मारू नाही. पोरावर येते."

"मी कुठं मारून राहिलो, आई? मशीन मारते."

"हात त तुहाच लागते नं?"

बायको भाजी निवडत होती. "आई म्हणते त ऐका नं," एवढंच म्हणाली. आमचं पहिलं बाळ सुरुवातीलाच गेलं होतं. आता विषाची परीक्षा कोण घेणार?

ठेकेदाराकडे असल्या कारणाला रजा नसते. म्हणून माझ्या जोडीदाराला सांगितलं. तो नंदिनी गावाकडचा छत्तीसगढी माणूस, वयानं थोडा मोठा. मी त्याला भैया म्हणतो. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "इतनी सी बात? तू पंप देख. जाली मेरी."

त्यानंतर त्यानं मला दाताळ्याला शिवू दिलं नाही. पावसाळ्यात अंड्यांनी फुगलेल्या माद्या थव्यानं येतात, तेव्हाही एकटाच वाकून खरवडत राहायचा. एकदा मला बघवेना, उठलो, तर ओरडला, "ए, बैठ! भाभी का सोच!" मी बसलो. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हेच डोक्यात यायचं.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. दवाखान्यात कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मुलगी होती. हाताला वजन कळलं, बाकी काही कळलं नाही. आई म्हणाली, "तुह्या हातून त काई झालं नाही. मंग कावून?" बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. पंखा बंद करा म्हणाली. मी केला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही.

कामावर परतलो तेव्हा भैया जाळीपाशीच होता. माझ्याकडे बघेना. मला वाटलं, सांत्वनाला शब्द सापडत नसतील. मग खरवडता खरवडताच, चोरी कबूल करावी तसा म्हणाला, "घर में तीसरा महीना चल रहा है."

"तेरे को कब पता चला?"

"पहले ही महीने में."

म्हणजे आमचे शेवटचे आठवडे, स्वतःच्या घरी तेच असताना, हा माझ्या वाटचे मासे काढत होता. आणि मला बोललाही नव्हता. त्याच्या गावीही हे पाळतातच. मी न विचारताच ते मला ठाऊक होतं.

मी दाताळ्याला हात घातला. तो सोडेना. दोघंही बराच वेळ तसेच धरून उभे होतो, खाली पाणी ओढलं जात होतं.

"छोड़, भैया," मी म्हणालो. "मेरा अब क्या बिगड़ना है."

त्यानं सोडलं.