भरलेली रायफल

वडिलांकडून मला वारशाने दोन गोष्टी मिळाल्या, मधुमेह आणि रायफल. मधुमेहाचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात.

रायफल मूळची आजोबांची. ते जंगल खात्यात होते आणि त्यांनी हिनंच वाघ मारला होता, असं मी ऑफिसात सांगत असे. (घरी सांगत नसे, कारण घरी आई होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे आजोबांनी एकदाच रानडुकरावर गोळी झाडली आणि ती सरकारी जीपच्या टायरला लागली.) आजोबांनंतर रायफल बाबांकडे आली. बाबांनी तिला जन्मभर दोनच कामं दिली. निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायचं आणि दसऱ्याला पूजेला बसायचं. एरवी ती इथे छत्तीसगढात, चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात, दिवाणाच्या पोटात, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून पडलेली असे. आई तिला ‘बाई’ म्हणते. मला बहीण नाही, त्यामुळे दसऱ्याला आम्ही पुरुष सोनं वाटायला बाहेर पडलो की आई या बाईलाच माहेरवाशीण समजून हळदकुंकू लावायची, तिची ओटी भरायची. आम्ही परत येईपर्यंत बाई पुन्हा साडीत.

बाबा मागच्या थंडीत गेले. रायफल दिवाणातच राहिली, पण माझ्या डोक्यात मात्र उठून बसली. आता मी शिकारी घराण्याचा वारस! यंदा दसऱ्याला गच्चीवरून एक बार काढायचाच, असं मी शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात जाहीर करून टाकलं. शेजारच्या टेबलावरचे शुक्लाजी डबा उघडता उघडता थांबले.

“भैया, लाइसेंस किसके नाम है?”

“पिताजी के.”

“वो तो रहे नहीं. फिर बंदूक अब किसकी हुई?”

“मेरी.”

“नहीं भैया. अब वो केस की हुई.”

लायसन्सवाला माणूस गेला की बंदूक लगेच ठाण्यात नेऊन द्यायची असते, नाहीतर वारसाला आत टाकतात, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि शांतपणे भेंडीची भाजी खाल्ली. माझा डबा तसाच घरी परत आला. संध्याकाळी घाबरत घाबरत मी ठाण्यात फोन लावला.

“कौन-सी बंदूक है?” पलीकडून विचारलं.

“पुरानी है साहब.”

“भरमार है?”

“नहीं नहीं साहब, एक ही है.”

पलीकडच्या माणसानं तो प्रश्नच सोडून दिला. (भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची गावठी बंदूक. छत्तीसगढात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी शिकारी घराण्यातला असल्यामुळे मला ठाऊक नव्हतं.) मग तो म्हणाला, “उस पर नंबर खुदा होगा, पढ़कर बताइए. और ज़रा संभाल के.”

मी दिवाण उघडला, साडी सोडली आणि रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवली. आई देवघरातून आली.

“काहून काढली बाईले? दसऱ्याले वेळ आहे अजून.”

“ठाण्यात द्यावी लागते, आई. बाबांच्या नावावर होती ना.”

आईचा चेहरा उतरला. “वापस देतीन ना?”

“देतील की,” मी म्हणालो. याबाबत मला काडीची माहिती नव्हती.

“अन नाई दिली तं? दसऱ्याले बाई घरात नसन तं मी काय करू? तुह्या बाबाची तेवढीच एक वस्तू माह्यापाशी राहिली आहे.”

तिचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. वाट्टेल ते करून बाईला दसऱ्याच्या आत घरी आणतो, असं मी छाती ठोकून सांगितलं, आणि नंबर शोधायला रायफल फिरवली.

“अहो, नळी फ्रिजकडे काहून करून राहिले?” माझी बायको वंदना ओरडली. “नवीन आहे तो.”

मी नळी भिंतीकडे केली. भिंतीपलीकडे शेजारच्या काकू झोपल्या होत्या. मी ती देवघराकडे वळवली, तर आईनं कानावर हात ठेवले. शेवटी फिरत फिरत ती माझ्याच पोटाकडे आली, तेव्हा मात्र कोणाचीच हरकत नव्हती.

“पप्पा, रुको,” आमची कॉलेजातली लेक रेवा मोबाइल वाचत म्हणाली. (तिच्याशी मराठीत बोललं की तिला सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत येतं.) “यहाँ लिखा है, ट्रिगर पे उंगली नहीं रखना. नली किसी की तरफ नहीं करना. और हर बंदूक को भरी हुई मानकर चलना.”

“मानून काय चालायचं?” आई डोळे पुसत म्हणाली. “भरेलच आहे ते.”

सगळे जागच्या जागी थिजले.

“कोणी भरली?” मी विचारलं.

“मीच. मागच्या दसऱ्याले. दरसाली मीच तं भरतो.”

आता शहाण्या माणसानं इथे आणखी एक प्रश्न विचारला असता. मी टेबलाखाली गेलो. वंदनानं आईला आणि रेवाला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि आतून कडी लावली. टेबलाखालूनच मी पुन्हा ठाण्यात फोन लावला.

“साहब, वो भरी हुई है. माँ ने भरी है. हर साल भरती है.”

“माताजी की उमर?”

“अठहत्तर.”

“कोई हाथ मत लगाना. आ रहे हैं.”

गाडी आली, तिच्यामागे सगळी कॉलोनी आली. फाटकाशी कोणीतरी म्हणालं, “माताजी दिखने में कितनी सीधी हैं.” ठाण्याचे मुख्य, म्हणजे टीआईसाहेब, स्वतः दोन शिपाई घेऊन आत शिरले. पाहुणा दारात उभा आहे आणि आपण टेबलाखाली, हे मला बरं दिसेना. मी लगबगीनं बाहेर आलो आणि अगत्यानं रायफल उचलून साहेबांना द्यायला गेलो. एक शिपाई सोफ्यामागे बसला. दुसरा शू-रॅकमागे बसला. साहेब उभेच राहिले, पण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“भाईसाहब, नीचे रख दीजिए. धीरे से. नली खिड़की की तरफ.”

मग त्यांनी आईला बोलावलं. छत्तीसगढी माणूस, आईच्या वयाच्या बाईला ‘दाई’च, म्हणजे आईच, म्हणणार.

“दाई, इसमें गोली आपने भरी?”

“गोली नहीं बेटा, ओटी.”

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं मान हलवली. “ओटी कितने बोर की होती है, दाई?”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला जन्म दिल्याचा तिला पहिल्यांदाच पश्चात्ताप होत असावा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी साहेबांना ओटी समजावून सांगू लागलो. तांदूळ, हळकुंड, सुपारी, पदर. साहेबांनी हातानंच मला गप्प केलं आणि रायफलीची गोळी भरायची खिट्टी ओढून पाहिली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना.

“जाम है.”

“सरका बाजूले,” आई म्हणाली. “तिची एक आदत आहे.”

कोणी अडवायच्या आत तिनं खिट्टी अंगठ्यानं वर उचलली, तळहातानं एक चापट दिली आणि मागे ओढली. खटाक! टेबलावर पिवळे तांदूळ सांडले. मग हळकुंडाचे तुकडे आले. शेवटी एक सुपारी टणकन पडून साहेबांच्या बुटापर्यंत घरंगळत गेली.

“ओटीले पदर लागते ना,” आई म्हणाली. “बाईले पदर कुठं आहे? खिट्टी ओढली की इथं खोळ होते, मंग त्यातच भरतो.”

रेवानं हे सगळं हिंदीत सांगितलं. साहेब गंभीरपणे ऐकत होते. “और नारियल?”

“वो अंदर नहीं जाता, बेटा.”

साहेबांनी नळीत टॉर्च मारली, नंबर वाचला. तीनशे पंधरा बोर, शिकारीची जुनी विलायती रायफल. नळी पार तोंडापर्यंत दरसालच्या तांदळानं आणि जुन्या तेलानं बुजलेली. “इसको कोई चला देता तो नली फट जाती,” ते म्हणाले. “और सबसे पहले चलाने वाला जाता.”

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजकडे पाहिलं.

बंदूक मात्र न्यावीच लागणार होती. आईनं बाईच्या साडीचं टोक हातात घट्ट धरलं होतं. “दसऱ्याले देसान ना वापस?” तिनं मराठीतच विचारलं, आणि साहेबांना ते बरोबर कळलं.

“कागज में टाइम लगेगा, दाई. पर दसरे को थाने में शस्त्रपूजा होती है. आप आ जाना.”

मी छाती ठोकून दिलेला शब्द हा असा साहेबांनी पाळला. दसऱ्याला आई नवी साडी नेसून ठाण्यात गेली. बाई तिथे घासूनपुसून लखलखीत झाली होती. आईनं ओटी या वेळी खणात बांधून समोर ठेवली, कारण एक महिला शिपाई तिच्या शेजारी सावधान उभी होती. आईचं लक्ष मात्र रांगेतल्या बाकीच्या बंदुकांवर होतं. “यायची ओटी कोणी भरत नाई काय वो?” तिनं कळवळून विचारलं. महिला शिपाई हळूच आई आणि बंदुकांच्या मधे येऊन उभी राहिली.

पूजा झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं.

“लाइसेंस का आवेदन दाई के नाम से लगाइए. मैं लिख दूँगा. पूरे घर में खोलना उन्हीं को आता है, और उंगली एक बार भी ट्रिगर पर नहीं गई.”

“और मैं, साहब?”

“दाई से इतना वज़न उठेगा नहीं. आपको रिटेनर बना देंगे.”

रिटेनर म्हणजे मालकाची बंदूक नेणारा-आणणारा माणूस. थंडीत लायसन्स आलं. आईच्या फोटोखाली माझा छोटा फोटो आहे. बाईला घरी आणलं त्या दिवशी आई रस्ताभर पुढे चालत होती आणि मी मागून, नळी खाली धरून. आईचा चेहरा इतका फुलला होता की मला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शुक्लाजींनी विचारलं, “क्या भैया, मिल गया लाइसेंस?”

“मिल गया.”

“चलाने का?”

“नहीं,” मी म्हणालो. “ढोने का.”