वहिनीचं चौदावं कलम

आमच्या वहिनीबरोबर रविवारी बाहेर पडणं म्हणजे शिक्षा. मी नणंद आहे म्हणून नावं ठेवतेय असं समजू नका, दादालाही विचारा. तो बिचारा रविवार आला की पांघरूण डोक्यावर ओढून आजारी पडतो.

वहिनी परिवहन खात्यात नियोजनाच्या शाखेत आहे. पेट्रोलच्या गाड्या कमी करायच्या आणि विजेच्या वाढवायच्या असं सरकारने ठरवलं आणि त्याचे नियम लिहायचं काम तिच्या टेबलावर येऊन पडलं. चार्जिंग स्टेशन किती अंतरावर हवं, प्लग कुठला, भिंतीपासून गाडी किती लांब उभी करायची, आग लागली तर काय, दिवा कोणी लावायचा. तिच्या शाखेतले बाकीचे लोक नकाशावर ठिपके देतात आणि चहाला जातात. वहिनीचा मात्र ठिपक्यावर विश्वास नाही. "लोक तिथे अर्धा-पाऊण तास थांबणार ना? मग आधी मी थांबून बघते," असं म्हणून ती दर रविवारी गाडी काढायची आणि कुठल्या तरी ठिपक्यावर जाऊन बसायची.

एकदा मी गेले होते. कानाला खडा लावला! एका गोदामाच्या मागे गाडी लावली, वायर जोडली, आणि ही बाई टेप घेऊन भिंत मोजतेय. मी म्हटलं, "वहिनी, निदान गप्पा तरी मार." तर म्हणते, "थांब गं, व्हीलचेअर इथून जाईल का ते बघू दे." जेवायची वेळ टळून गेली तरी तिचं मोजणं संपेना. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. अशी ती, हाती घेतलं की दुसरं काही दिसत नाही. दादा म्हणतो, हिने लग्नाआधी मलाही मोजून बघितलं असणार.

या रविवारांची मजा घरात एकाच माणसाला यायची, ती म्हणजे आई. बाबा गेल्यापासून ती खिडकीतल्या खुर्चीत बसून असायची. हसवावं तर उसनं हसायची. एका रविवारी वहिनी म्हणाली, "आई, चला ना, मला एकटीला कंटाळा येतो." आता वहिनीला एकटीला कंटाळा येतो हे धादांत खोटं आहे, आणि ते आईलाही कळत होतं. पण ती गेली. मग दर रविवारी जायला लागली. चार्जरची वायर उचलून बघायची आणि म्हणायची, "ही उचलायला पैलवान ठेवणार आहात का?" झालं, वहिनीच्या मसुद्यात वायर किती जड असावी त्याचं कलम आलं. चार्जरच्या पडद्यावरची अक्षरं आईला दिसेनात, म्हणून अक्षरं मोठी झाली. शेजारच्या काकूंना आई सांगायची, "आमच्या खात्यात सध्या फार काम आहे." आमच्या खात्यात! मला तर हसू आवरायचं नाही. पण खरं सांगू, आई अशी बोलायला लागली म्हणून मला वहिनीचा मुका घ्यावासा वाटायचा. तिला तसं कधी म्हटलं नाही. डोक्यावर बसेल.

आणि मग अचानक आईने जाणं सोडलं. विचारलं तर "गुडघे दुखतात." दादाने मलम आणलं, मी शेकायची पिशवी आणली. वहिनी मात्र मूग गिळून गप्प. गुडघ्यांचं काही नव्हतंच. काय झालं होतं ते मला पुढे कळलं, पण तुम्हाला आताच सांगते.

हमरस्त्यावर एका ठिकाणी त्या दोघी गाडीला वायर लावून थांबल्या होत्या. आजूबाजूला ना दुकान, ना घर, ना माणूस. नुसता चार्जर आणि एक पत्र्याची शेड. आईला बाथरूमला लागली. या वयात थांबवत नाही हो, ज्याचं जळतं त्याला कळतं. तिने बराच वेळ काढला, तोंडातून शब्द काढला नाही. आणि शेवटी बसल्या जागी कपडे ओले झाले. आई रडली. वहिनीने आपली ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि सीट पुसून काढली. घर येईपर्यंत आई एकच गोष्ट म्हणत होती, "माझ्या पोरांना कळता कामा नये. कोणालाच नाही. मला शब्द दे." वहिनीने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने मसुद्यात चौदावं कलम घातलं. जिथे गाडी चार्जिंगला थांबणार तिथे स्वच्छतागृह हवंच, दिवा असलेलं, आणि चार्जर जितका वेळ चालू तितका वेळ उघडं.

चार्जर बसवणाऱ्या कंपन्या खवळल्या. पेट्रोल पंपावर चोवीस तास माणूस असतो, आमचा चार्जर एका कोपऱ्यात एकटा उभा असतो, तिथे बाथरूम बांधायची कोणी आणि धुवायची कोणी? वहिनीच्या साहेबांनाही ते पटलं. तसे ते वाईट नाहीत. म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे याबद्दल एकही तक्रार आलेली नाही. मसुद्यावरच्या सुनावणीत काही आधार दाखवा, नाहीतर कलम काढून टाकू." आता सांगा, अशी तक्रार कोण लिहून देईल? स्वतःच्या सहीनिशी? वहिनीकडे आधार एकच होता आणि तो शब्दाने बांधलेला. इकडे आड, तिकडे विहीर. रात्रीचं जेवण नीट जाईना तिला. दादाला वाटलं, ऑफिसचा ताण असेल.

सुनावणी सगळ्यांना खुली होती. दादाने घरात मोठ्या कौतुकाने सांगितलं की बायको भर सभागृहात बोलणार आहे. आई खुर्चीतून म्हणाली, "मला बघायचंय." मी थक्क झाले. इतके दिवस उंबरठा न ओलांडणारी बाई, निघाली. वहिनीला न सांगता आम्ही दोघी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

प्लग झाला, दिवे झाले, आगीची काळजी झाली. चौदावं कलम आलं तसा कंपन्यांचा माणूस उठला. कोट, टाय, बोलणं अगदी गोड. "मॅडमच्या भावनांचा आदर आहे," म्हणाला, "पण असा त्रास प्रत्यक्षात कोणाला झालाय का? की ही नुसती कल्पना?"

वहिनी उभी राहिली. समोरचा कागद तिने सरळ केला, पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, "झालाय. मला स्वतःला." आणि तिने सगळं सांगितलं, हमरस्ता, पत्र्याची शेड, ओले झालेले कपडे, सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन. सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं. तिच्याच शाखेतले दोघे मान खाली घालून एकमेकांना कोपर मारत होते. माझ्या तर कानशिलात आग पेटली. वहिनी नजर न हलवता उभी होती, फक्त तिची मान लाल लाल झाली होती.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आई उठली होती.

"ती खोटं बोलतेय," आई म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. वहिनीने आईला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आई, बसा ना," ती हळूच म्हणाली. आई कसली बसतेय!

"तिचं नाही, ते माझं झालं होतं. मी तिची सासू. मी तिच्याकडून शब्द घेतला होता, म्हणून ती स्वतःची शोभा करून घेतेय. हसायचं असेल तर मला हसा." कोणी हसलं नाही. मग आई म्हणाली, "आणि आता मला पुन्हा लागलीय. इथली बाथरूम कुठे आहे?"

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, खाली, मागच्या बाजूला, पण कुलूप असतं. किल्ली स्टोअरवाल्याकडे. आणि स्टोअरवाला जेवायला गेलेला! परिवहन खात्याची इमारत, बरं का. साहेबांनी कामकाज थांबवलं, कंपन्यांचा तो टायवाला माणूसच किल्ली शोधायला जिन्यावरून धावला. मी हात पुढे केला, पण आईने धरला तो वहिनीचा. मी दोघींच्या पर्स घेऊन मागे.

किल्ली मिळाली, आई आत गेली, आणि वहिनी दाराशी उभी राहून हुंदके द्यायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं सुचेना, मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आतून आईचा आवाज आला, "अगं, रडतेस काय? इथे कडी नाहीये. दार धर!"

वहिनीने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने दार धरलं. साहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून ते बघत होते. तसेच मागे वळून वर गेले.

नियम छापून आले तेव्हा चौदावं कलम जागच्या जागी होतं. शेवटी एक वाक्य वाढलेलं होतं, दाराला आतून लागणारी कडी असावी. ते साहेबांनी स्वतः घातलं, असं वहिनी सांगते. रविवारी त्या दोघी पुन्हा जायला लागल्यात, आणि मलाही आता ओढून नेतात. नवीन स्टेशनवर पोचलं की आई सगळ्यात आधी बाथरूममध्ये शिरते, कडी लावून बघते, आणि रांगेतल्या सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात आतून ओरडते, "लागते गं!"