बंदुकीला खोबरेल

अॅरिझोनातल्या चँडलरच्या आमच्या मराठी मंडळींत कोणी काचेच्या भांड्यांचे सेट जमवायचं, कोणी नाट्यगीतांच्या कॅसेटी. मी बंदुका जमवायचे. हे ऐकलं की समोरच्याचा बटाटेवडा तोंडाशी जाता जाता थांबायचा, आणि मला त्याची भारी मजा यायची.

खऱ्या बंदुका नव्हेत, हवेच्या. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लोक घरात, दिवाणखान्यात नेमबाजी करायचे. दारू नाही, धूर नाही. दस्त्याजवळचं हँडल फिरवून आतली स्प्रिंग आवळायची, नळीत बोटाएवढा बाण घालायचा, त्याच्या शेपटाला घोड्याच्या केसांचा गोंडा, आणि चाप ओढायचा. दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते, बाण सुटतो. पाहुणे जेवून उठले की आपण पानाचं तबक पुढे करतो, तशी हे लोक बंदूक पुढे करायचे. मला ही कल्पनाच इतकी आवडली की मी पार वेडी झाले.

सुरुवात शेजारच्या मेसा गावच्या जुन्या बाजारात झाली. नवरा गवत कापायच्या यंत्राचं पातं शोधायला गेला होता आणि मी दस्ता फुटलेली एक बंदूक काखोटीला मारून परत आले. त्याने कपाळाला हात लावला. पुढे त्या वाढत गेल्या, आणि बैठकीच्या खोलीत देव्हाऱ्याला लागून जी भिंत होती ती भरली. घरी येणाऱ्या काकू देवाला हात जोडायच्या, डोळे उघडायच्या आणि दचकायच्या. "अगं, तुला दुसरं काही सुचलं नाही का? बाईमाणसाने असले शौक?" असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सटकायचं. मग मी मुद्दाम एक बंदूक खाली काढून त्यांच्या हातात द्यायची. एकदा हातात धरली की मात्र कोणीही लवकर खाली ठेवायचं नाही, हेही सांगायला हवं.

तेव्हा चँडलरमध्ये घरांची ओळ संपली की कापसाची शेतं सुरू व्हायची. आमचं घर त्या ओळीतलं शेवटून दुसरं. शेवटच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या, ऐंशी कधीच ओलांडलेल्या, काठीसारख्या ताठ, आणि बोलण्यात फटकळ. आमचं चांगलं जमायचं. मी त्यांना शिरा नेऊन द्यायची आणि त्या मला माझ्या गुलाबांचं काय चुकतंय ते न विचारता सांगायच्या.

एका उन्हाळ्यात त्या घर विकून मिनेसोटाला लेकाकडे जायच्या तयारीला लागल्या. मी खोकी भरायला मदतीला गेले, तर कपाटाच्या मागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं निघालं. मी चादर सोडली आणि खालीच बसले. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पितळी कोंदण, त्यावर कोरलेलं हरीण. दिवाणखान्यातली बंदूक! इतकी देखणी मी आजवर फक्त चित्रात पाहिली होती. सोबत लोखंडी तबकडीही होती. मधल्या भोकात बाण बसला की वरून पत्र्याचा विदूषक टुणकन उभा राहतो आणि घंटी वाजते, तसली.

"वडिलांची," बाई म्हणाल्या. "रविवारी जेवणं झाली की वडील आणि माझे चौघे भाऊ खेळायचे. मी तबकडीशी उभी राहून बाण उपटून आणून द्यायचे."

"आणि तुम्ही कधी खेळायचात?"

"मुली नाही खेळायच्या, हनी. मी विचारलं होतं. सगळे हसले." त्या एक वर्तमानपत्र घेऊन कप गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ सगळे गेले. बंदूक मला मिळाली तेव्हा तिचा श्वासच संपलेला होता. तू हिला चालू कर. जायच्या आधी मला एकदा ती झाडायची आहे. मग ती तुझी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लाळही सुटली. दोन्ही खरं आहे.

गॅरेजमध्ये बंदूक उघडली. स्प्रिंग ठणठणीत होती. दुखणं दट्ट्यात होतं. त्याच्या टोकाला चामड्याची वाटी असते, ती नळकांड्याला घट्ट बसली तरच हवा दाबली जाते. अॅरिझोनाच्या कोरड्या हवेत ती सुकून पापडासारखी झाली होती. नवऱ्याने डोकं घातलं, "हे तर सेम आपल्या स्टोच्या पंपासारखं आहे यार!"

अगदी तसंच होतं. माझ्या लहानपणी रॉकेलच्या स्टोचा पंप हवा धरेनासा झाला की आई दट्ट्या बाहेर काढायची, चामड्याचा वायसर खोबरेलात बुडवून ठेवायची, मऊ झाला की बोटांनी कडा फाकवायची आणि परत बसवायची. पाच मिनिटांत स्टो फरफरायला लागायचा. संग्राहक मंडळींच्या पुस्तकांत कसकसली तेलं सांगितलेली होती, नवरा गाडीचं इंजिन ऑइल घे म्हणत होता. मी कोणाचं ऐकते थोडीच! देशातून आणलेली खोबरेलाची बाटली उघडली आणि वाटीला न्हाऊमाखू घातलं. काही दिवसांत चामडं असं मऊ पडलं की जणू आज बनवलंय. बंदूक जोडली, बाण घातला, चाप ओढला. फट्! बाण गॅरेजच्या पलीकडच्या पुठ्ठ्यात गोंड्यापर्यंत घुसला. मी नाचले. गॅरेजमध्ये एकटीच नाचले, आणि दार उघडं होतं.

बाईंच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी बंदूक त्यांच्याकडे पोचवली. मुलगा मिनेसोटाहून आला होता, साठीचा, आडव्या अंगाचा, सारखं घड्याळ बघणारा. बाईंनी बंदूक रिकाम्या दिवाणखान्यात भिंतीशी उभी केली. "उद्या सकाळी," त्या म्हणाल्या, "चांगले कपडे घालून."

सकाळी आम्ही नवराबायको गेलो तर बाई निळा रेशमी ड्रेस आणि गळ्यात मोती घालून तयार. तबकडी भिंतीवर, तिच्यामागे जुनी गोधडी. मुलाने सामान गाडीत भरलेलं. मी हँडल फिरवलं, बाण घातला, बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी गाल दस्त्याला लावला आणि चाप ओढला.

फुस्स. बाण नळीतून घरंगळला आणि त्यांच्या बुटाशी पडला.

पुन्हा भरली. पुन्हा फुस्स. बाईंनी बंदूक हळूच खाली घेतली. मुलगा म्हणाला, "जाऊ दे मॉम, शंभर वर्षांची वस्तू आहे. निघूया."

"अगं, काल तर चालत होती ना?" नवरा कुजबुजला. "आज काय प्रॉब्लेम झाला?"

मी बंदूक उलटी करून पाहिली. सांध्यातून पांढरं काहीतरी डोकावत होतं, थिजलेल्या तुपासारखं. वर पाहिलं तर भिंतीच्या त्या कोपऱ्यात, बरोबर बंदूक उभी होती तिथे, एअरकंडिशनरचं तोंड. रात्रभर गार वारा बंदुकीवर. आणि माझी ट्यूब पेटली. पौषातल्या सकाळी अंघोळीआधी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत ज्याचा जन्म गेला, त्यालाच हे कळावं! तेल थिजलं होतं. गॅरेजच्या भट्टीत ते कायम पाण्यासारखं पातळ राहिलं, म्हणून मला शंकासुद्धा आली नव्हती.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणाले, आणि बंदूक घेऊन बाहेर धावले.

लाकूड थेट उन्हात ठेवायला जीव धजेना. पण आमची गाडी बाहेर उभी होती, काचा बंद. त्या उन्हाळ्यात चँडलरमधली बंद गाडी म्हणजे तापलेला तंदूरच. मी आत जाऊन बसले, बंदूक मांडीवर आडवी घेतली, आणि तान्ह्या बाळाला शेकावं तशी तिला हाताने चोळत राहिले. घामाच्या धारा लागल्या. कुंकू नाकावर उतरलं. टपालवाला आला, खिडकीतून पाहिलं, एक साडीवाली बाई बंद गाडीत बंदूक कुरवाळत बसलेली, आणि तो टपाल न टाकताच पुढे गेला. नवरा अंगणात उभा राहून पोट धरून हसत होता. मीही हसत होते, पण घाम इतका होता की रडतेय की हसतेय हे त्याला कळलं नसणार.

सांध्यातला पांढरा ठिपका आधी पारदर्शक झाला आणि मग ओघळला. मी तशीच निथळत आत धावले. मुलगा किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभा होता. बाई होत्या तिथेच, तबकडीसमोर.

"आता," मी म्हणाले.

पहिला बाण गोधडीत गेला. पण गेला! फट् आवाज झाला तशा बाई जागच्या जागी ताठ झाल्या. दुसरा तबकडीच्या कडेला ठणकन आपटला. तिसऱ्याला त्यांनी डोळा मिटला, श्वास रोखला, आणि घंटी वाजली. विदूषक उभा राहिला, रंग उडालेला, एका हाताचा, पण उभा राहिला. आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या. बाई वळल्या त्या मुलाकडे.

"बाण आण," त्या म्हणाल्या.

त्या जाडजूड गृहस्थाने किल्ल्या खिशात टाकल्या, वाकून बाण उपटला आणि आणून दिला. मग पुन्हा. मग पुन्हा. त्याने घड्याळ बघायचं सोडलं, आणि थोड्या वेळाने तोच ओरडायला लागला, "अजून डावीकडे, मॉम!" बाईंच्या गालावर तांबडे डाग आले होते, मोत्यांची माळ पाठीवर गेली होती. एवढ्या खुशीतलं माणूस मी फार कमी वेळा पाहिलंय.

शेवटी निघायची वेळ खरंच टळून जायला लागली. बाई बंदूक घेऊन माझ्याजवळ आल्या. "मी शब्द दिला होता," म्हणाल्या. त्यांनी बंदूक पुढे केली, पण बोटं सोडली नाहीत.

मी काही उदार बाई नाही. जुन्या बाजारात एका गंजक्या बाणासाठी मी अनोळखी माणसांशी तावातावाने भांडलेय. ते कोरलेलं हरीण माझ्या नजरेसमोर होतं आणि भिंतीवरची त्याची जागाही मी ठरवून ठेवली होती. तरी माझ्या तोंडून निघालं, "एक अडचण आहे. चामड्याला आत्ताच तेल पाजलंय. आता ही नुसती भिंतीवर ठेवली तर पुन्हा सुकेल. ही रोज झाडावी लागेल."

"रोज?"

"रोज. आणि माझ्याकडे भिंतभर बंदुका, नोकरी, स्वयंपाक. मला कुठला वेळ?"

शेजारी नवरा खोकला. त्या फटकळ बाईला मी थापा मारतेय हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"मग मलाच न्यायला हवी," त्या म्हणाल्या.

मुलाने गाडीची डिकी उघडली. "तिथे नाही," बाई म्हणाल्या. त्या पुढच्या सीटवर बसल्या, बंदूक मांडीवर घेतली, आणि दोघींवरून एकच पट्टा बांधला. तबकडी पायाशी. गाडी कापसाच्या शेताकडे वळेपर्यंत मी हात हलवत होते.

"गेली ना हातची?" नवरा म्हणाला.

"गेली," मी म्हणाले, आणि इतका आनंद झाला होता की मी त्याला रस्त्यातच मिठी मारली.