शेवटचा आकडा

मुलगा आणि सून दोघंही नोएडाला एकाच ऑफिसात आहेत. लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. मी त्यांच्याकडेच राहते. सून बोलली की तो हातातलं काम थांबवून ऐकतो. माझं बोलणं तो जेवता जेवता ऐकतो.

त्या रविवारी दोघं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून भांडत होते. शिफ्टवर ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसांनी एकच कमांड टाइप करायची आणि मशीनमध्ये मेमरी किती उरली ते बघायचं. ती कमांड कोणती, हे सोमवारी ऑफिसला कळवायचं होतं. त्याचं म्हणणं 'टॉप' नावाची कमांड, ती म्हणत होती 'फ्री'.

"टॉपमध्ये सगळं एका जागी दिसतं, यार," तो म्हणाला.

"दिसतं, पण एक मिनिट थांबतं का? ती माणसं इंजिनियर नाहीत," सून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही वाचून बघता?"

"आईला कशाला त्रास? ती चौथी शिकलीय," तो हसत म्हणाला.

त्याची पहिलीची उजळणी मीच घेतली होती, कँटोनमेंटच्या क्वार्टरमध्ये, पोळ्या लाटता लाटता. हातातली थालीपिठाची ताटली ठेवून मी खुर्ची ओढली.

आधी सुनेच्या लॅपटॉपचा पडदा पाहिला. काळ्यावर पांढऱ्या दोन-तीन ओळी, स्थिर. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात. त्याच्या पडद्यावर आकडे सारखे बदलत होते, खालची यादी वरखाली होत होती. सुनेचं सोपं होतं, हे मला लगेच कळलं. तरी मी मुलाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"हे बरं आहे."

"बघ," तो खूश झाला.

सून शांतपणे म्हणाली, "अच्छा. मग उरलेली मेमरी, म्हणजे वरून पाचव्या ओळीतला शेवटचा आकडा, वाचा ना, आई."

मी ओळी मोजल्या. आकडा अर्धा वाचेपर्यंत बदलला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बदलला. कान तापले. तिने आपला लॅपटॉप पुढे सरकवला. "यात आकड्यांची पहिली ओळ. शेवटचा."

"सहा पॉइंट दोन," मी म्हटलं. खोटं वाचणं जमलं नाही.

मुलाने दोन्ही पडदे एकदा पाहिले. मग त्याने ऑफिसातल्या कुणाला तरी फोन लावला. "फ्रीच घेऊ. बायकोचं बरोबर होतं," असं म्हणताना तो तिच्याकडे बघत होता. एवढ्या कौतुकाने त्याने माझ्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवेना.

वाचलं मी होतं. त्याने तेवढं म्हणावं म्हणून मी ताटली हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

"आईंनी वाचलं म्हणून ठरलं, ते पण सांग," सून म्हणाली.

"हां, आमच्या आईने वाचून बघितलं," तो फोनवर म्हणाला.

मला हवं होतं तेच तो बोलला, पण तिने सांगितल्यावर. मी थालीपीठ गरम करायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.