कॅमेऱ्यामागची करवली

मासिकाच्या दोन पानांमधल्या घडीत माणसाचा चेहरा ठेवायचा नाही, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी कळलं. तोवर हाताला लागेल ते मासिक मी वाचत आले होते, पण पान कोणीतरी विचार करून मांडतं हे डोक्यातच आलं नव्हतं. मजकूर येतो तसा छापत असतील, असं वाटायचं. भिवंडीच्या कॉलेजात आमच्या मॅडमनी एक मासिक उलटं धरलं आणि विचारलं, "आता वाचता येत नाही. मग काय दिसतं?"

आधी काहीच दिसेना. मग मजकुराचे करडे पट्टे दिसले, त्यांच्यामधल्या पांढऱ्या गल्ल्या दिसल्या, एका कोपऱ्यात जड फोटो आणि तिरक्या बाजूला त्याला तोलून धरणारं छोटंसं शीर्षक. त्यानंतर एसटीत समोरच्याने पेपर उघडला की मी बातमी सोडून गल्ल्याच बघायला लागले.

आमचं गाव वज्रेश्वरीच्या रस्त्याला. वडिलांची ड्युटी कशेळीच्या एका गोदामात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे काय शिकवतात याची सगळ्यांना उत्सुकता. मी सांगितलं, पान मांडायला शिकवतात. आई म्हणाली, "मंग बरा हाय. लग्नाच्या पंगतीला तुलाच बोलावतील." वडील हसले, पण जेवण झाल्यावर त्यांनी गोदामातून आणलेलं एक जुनं माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "यात काय चुकलंय, सांग." आम्ही दोघं बराच वेळ ते उलटसुलट करून बघत बसलो.

दुसऱ्या वर्षी सिनेमाचं तंत्र आलं. लांबून, मधून, जवळून, अशी एकच गोष्ट तीन अंतरांवरून घ्यायची. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांमधून एक रेष गेली आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही. मॅडमनी एक तुकडा दाखवला. एक माणूस लांबून कप उचलताना दिसतो आणि लगेच जवळून त्याच्या ओठांना कप लागतो. मी हात वर केला. "मॅडम, म्हणजे त्याने चहा दोनदा प्यायला?"

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "दोनदा कशाला, कधी कधी दहादा. शेवटच्या वेळी चहा थंडगार असतो, पण पिणारा फुंकर घालतोच."

मला ते फार आवडलं. केलेली गोष्ट पुन्हा करून घ्यायची आणि दोन्ही वेळा मिळून एकच वेळ बनवायची. घरी भाकरी थापणाऱ्या आईला मी दोन दिवस "परत थाप" म्हणत मोबाइल घेऊन छळलं.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. रोजच्या जगण्यातली एक कृती, पाच मिनिटांची फिल्म. त्याच सुमाराला माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. काकीने मला बाजूला घेतलं. "हळदीचा नाच सगल्यांकडं हाय, मोबाइलवर बघून बघून कंटाला आला. मना घाणा पायजे. तुझं कॉलेज हाय ना त्यासाठी?"

घाणा म्हणजे लग्नाआधी हळद कुटायचा विधी. पाच सवाष्णी एकच मुसळ धरतात, उखळात हळद कुटतात आणि धवलारीण गाते. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्न लावणारी बाईच म्हणा. ती गाण्यातून एकेका देवाला आणि एकेका नातेवाइकाला बोलावते, आणि नाव आलेल्या माणसाने उखळात हळकुंड टाकलं की मगच पुढच्या ओळीवर जाते. तिचा धवला, म्हणजे ते गाणं, संपल्याशिवाय पुढचं काही होत नाही. व्हिडिओवाले संध्याकाळी ड्रोन घेऊन येतात, घाण्याला कुणी येत नाही. का येत नाही ते धवलारीण आजीकडे गेल्यावर कळलं.

आजी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. काकीने विषय काढला. आजीने माझ्याकडे बघितलं.

"कामेरा आनशील?"

"हो आजी."

"मागं एक पोरगा आलेला. मी देवांना बोलावतेय, तर मना बोलतो, आजी थांबा, लाइट बरोबर न्हाय. देव अर्ध्या वाटंत उभे, आनि हा वायर शोधतोय."

काकी हसली. आजी हसली नाही. "परत बोला, असा पन बोलला. देव काय तुझे नोकर हायत, पुन्ना पुन्ना यायला? तू थांबवलंस तर मी उठून जाईन. मंग अर्धा घाणा कसा पुरा करायचा ते तुझ्या काकीलाच विचार."

काकीचं हसू गेलं. एकुलत्या एक मुलीचा घाणा अर्धा राहणं म्हणजे काय, ते तिला सांगायला लागणार नव्हतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "नको करूया का?" मी म्हणाले, मला आधी एकदा नुसतं बघू दे.

शेजारच्या गावात आजी एका घाण्याला जाणार होती. मी कॅमेरा न घेता तिच्याबरोबर गेले आणि भिंतीला टेकून बसले. मला कळत नव्हतं, जी गोष्ट पुन्हा होणारच नाही ती तीन अंतरांवरून घ्यायची कशी. आजीने पहिली ओळ म्हटली. मागे बसलेल्या दोन बायकांनी तीच ओळ उचलली. आजीने पुढची ओळ म्हटली, त्यांनी ती उचलली. मुसळही तसंच, वर गेलं की खाली यायचं आणि परत वर. मी ताठ बसले. मला कुणाला काही परत करायला सांगायची गरजच नव्हती. आजीची ओळ लांबून घ्यायची, मागच्या बायका तीच ओळ उचलतील तेव्हा जवळ जायचं. मला हवं होतं ते सगळं तिथे आपोआप दोनदा होत होतं.

मासिक करताना आम्ही आधी डमी बनवायचो. कोरे कागद दुमडून खोटं मासिक करायचं आणि कुठल्या पानावर काय ते पेन्सिलीने काढायचं. गाणं कुठेही थांबवणार नाही असं आजीला कबूल करून मी घाण्याची तशीच डमी केली. प्रत्येक पान म्हणजे एक शॉट. उखळ इथे, आजी इथे, मागच्या बायका इथे. गाण्यात मामाचं नाव आलं की मामा दारातून येणार, आत्या आतल्या खोलीतून. ती काल्पनिक रेषही मी आखली आणि कॅमेरा खिडकीच्या बाजूला ठेवायचा ठरवला. मॅडमनी डमी चाळली आणि म्हणाल्या, "चांगली आहे. सगळी माणसं आहेत?" मी हो म्हणाले.

कॉलेजच्या स्टुडिओतले दादा कॅमेरा हातात देताना म्हणाले, "हळद लागली ना लेन्सला, तर परत आणू नकोस. तिचंच लग्न लावून टाक."

घाणा सकाळचा होता. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. काकीने उखळाला नमस्कार केला आणि माझ्याकडे एकदा बघून घेतलं. आजी सुरू झाली. डमीत होतं तसंच सगळं घडत गेलं. आजीची ओळ लांबून, मागच्या बायकांची जवळून, पुन्हा लांबून. पाच बायकांचे हात एका मुसळावर, हिरव्या बांगड्या एका वेळी वर आणि एका वेळी खाली. मामा आला, आत्या आली, त्यांनी हळकुंडं टाकली. मी इतकी रमले होते की आजी काय गातेय ते शब्द म्हणून ऐकूच येत नव्हते, नुसती लय येत होती.

मग लेन्समधून मला दिसलं की काकी माझ्याकडे बघतेय. तिच्या मागे आई. मग मुसळ धरलेल्या पाचही जणी. मला वाटलं, मी काही पाडलं की काय. आजी मात्र बघत नव्हती, ती खाली मान घालून गातच होती. मागच्या बायकांनी ओळ उचलली आणि तेव्हा मला शब्द ऐकू आले. आजी करवलीला बोलावत होती. नवरीची करवली मीच होते. सगळ्यांच्या जागा मी कागदावर काढल्या होत्या, माझी सोडून.

कॅमेरा बंद करावा तर गाणं अर्धं मिळणार. हातात धरून उभं राहावं तर हळद कोण टाकणार आणि आजी पुढच्या ओळीवर कशी जाणार. तिने तीच ओळ पुन्हा घेतली. मागच्या बायकांनी पुन्हा उचलली. थांबली ती नाही, पण पुढेही गेली नाही. काकीचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी कॅमेरा तसाच चालू ठेवून तांदळाच्या पिंपावर टेकवला, तो बरोबर बसलाय की नाही ते न बघता, आणि उखळाकडे गेले. वाट एकच होती, माझ्या रेषेच्या पलीकडून. आईने माझ्या मुठीत हळकुंडं कोंबली. मी ती उखळात टाकली, मुसळ खाली आलं आणि आजी पुढच्या ओळीवर गेली. मी परत कॅमेऱ्याकडे गेलेच नाही. धवला संपेपर्यंत तिथेच बसले.

कॉलेजात संगणकावर ते बघताना मी आधी मान खाली घातली. चित्र तिरकं. माणसांची डोकी कापलेली. मी चुकीच्या बाजूने आत शिरतेय, आधी पाठ, मग हात. पण आवाज सलग होता. मॅडमनी दोनदा बघितलं.

"पाच मिनिटांत बसवायचं तर अर्ध्यावर कापावं लागेल," त्या म्हणाल्या.

"कापलं तर ते गाणं मध्येच थांबतं, मॅडम. आणि थांबवणार नाही असं मी कबूल केलंय."

"वेळेबाहेर गेलं की गुण जातात."

"चालेल."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "मग मला सांग, ती तीच ओळ का गातेय एवढी?" मी सांगितलं. त्या बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या. करवली आलीच नाही तर काय करतात, ओळ कुठवर लांबवता येते. गुण गेले ते गेलेच, पण मी पास झाले, आणि घरातली पहिली पदवी त्याच वर्षी आली.

लग्नानंतर काकी आणि मी आजीकडे फिल्म घेऊन गेलो. आजीने मोबाइल दोन्ही हातांनी धरला. तिच्या सुनेने चहा आणला आणि म्हणाली, "आधी चा घ्या, मंग बघा." काकीने थांबवायला बोट पुढे केलं. आजीने मोबाइल पदराकडे ओढला. "चालू दे."

तिरकं चित्र आलं. एक मुलगी पाठमोरी चालत उखळाकडे गेली.

"ही कोन?"

"मीच, आजी."

"उशीर केलास," ती म्हणाली आणि मोबाइल कानाजवळ नेऊन पुढचं ऐकत राहिली.