कुमेदासानचा रातकिडा

शिगेहारु कुमेदा यांना जपानमधल्या हामामात्सुत दोन नावं होती. सकाळी ज्यांचे आखडलेले खांदे आणि पाठी ते मोकळ्या करून देत, ती माणसं त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत. संध्याकाळी सरोवराकाठच्या हॉटेलात ज्यांच्या गाण्यांना ते कीबोर्डवर साथ करत, ती माणसं ‘कुमेदासान’ म्हणत. त्यांना दुसरं नाव जास्त आवडायचं. पहिलं नाव वडिलांनी मिळवून दिलं होतं. गोवरात डोळे गेलेल्या मुलाला अंधशाळेत घालून वडील म्हणाले होते, “मालिश शीक. पाठ दुखणारी माणसं कधी संपत नाहीत.” दुसरं नाव मात्र शाळेच्या कोपऱ्यातल्या पायपेटीवर त्यांनी स्वतःच कमावलं होतं.

कुणी गाडीनं सोडतो म्हटलं तर ते आनंदानं बसत, कुणी रस्ता ओलांडून दिला तर वाकून आभार मानत. पण वाजवायला बसले की कुणी मदतीला हात पुढे केलेला त्यांना खपत नसे. एकदा एका पाहुण्यानं दया येऊन त्यांच्या वाद्याचं एक बटण फिरवून दिलं होतं. कुमेदासान हसून “धन्यवाद” म्हणाले, बटण होतं तिथे परत फिरवलं आणि मग गाणं सुरू केलं.

हॉटेलातलं ते वाद्य जुनं होतं. त्याच्यावर फिरवायची बटणं होती, ओळीनं, बोटांना ओळखू येतील अशी. कुठलं बटण कितपत फिरवलं की बासरी होते आणि कितपत फिरवलं की व्हायोलिनांचा ताफा उभा राहतो, हे त्यांच्या बोटांत होतं. पण वाद्य थकलं होतं. दमट दिवसांत सूर घसरायचा, दोन-तीन पट्ट्या तर मुक्याच झाल्या होत्या. मॅनेजर तेराईसान अधूनमधून म्हणायचे, “कुमेदासान, हल्ली टेपवर गाणी मिळतात. यंत्र लावायचं आणि पाहुण्याच्या हातात माइक द्यायचा. सगळीकडे तेच चाललंय.” ते हे अगदी नम्रपणे म्हणायचे, म्हणून जास्त भीती वाटायची.

कुमेदासानचा मित्र ओताबे त्याच हॉटेलात बास गिटार वाजवायचा. बारा-तेरा वर्षं दोघं शेजारी शेजारी वाजवत होते. ओताबेचे डोळे म्हणजे जणू त्या दोघांची सामाईक वस्तूच होती. औषधाच्या बाटलीवरचा कागद, पाहुण्यांनी लिहून दिलेली गाण्यांची फर्माईश, वर्तमानपत्रातली बेसबॉलची बातमी, सगळं ओताबे वाचून दाखवायचा. तेही रंगवून, मध्ये आपल्या पदरचे शेरे घालत.

मिकाता नावाची एक छोटी कंपनी डिजिटल सिंथेसायझर बनवत होती. तिथले हिराइवा नावाचे इंजिनियर एकदा हॉटेलात उतरले, त्यांनी कुमेदासानना ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात एक अर्धवट तयार वाद्य कापडात बांधून त्यांच्या घरी घेऊन आले. “वाजवून सांगा काय चुकतंय ते,” म्हणाले.

कुमेदासाननी हात फिरवला. वाद्य गुळगुळीत होतं, फ्रिजच्या दारासारखं. बटणं नव्हतीच, नुसत्या दाबायच्या सपाट जागा. त्यातही एकच जागा एकदा बासरी देई, एकदा दुसरंच काही. कशाची पाळी आहे ते वरच्या एका छोट्या खिडकीत अक्षरांनी उमटायचं.

“म्हणजे वहीची पानं उलटल्यासारखं,” ओताबे म्हणाला. “पान बदललं की त्याच बटणाचं काम बदलतं.”

“मग मी कुठल्या पानावर आहे हे मला कोण सांगणार?” कुमेदासाननी विचारलं.

हिराइवा वाद्य परत कापडात बांधून घेऊन गेले. पण पंधरवड्यानं आले ते उत्तर घेऊन. पान बदललं की वाद्य आता बारीकसं वाजायचं, प्रत्येक पानाला वेगळं. कुठे एकच ‘टिर्र’, कुठे चढती, कुठे थांबून थांबून. कुमेदासानची बायको नोबुए आतून म्हणाली, “अगबाई, घरात रातकिडा पाळल्यासारखं वाटतंय!” तेव्हापासून त्या आवाजाचं नाव रातकिडा पडलं.

दोन हिवाळे हे चाललं. हिराइवा यायचे, ओताबे संत्री सोलत बाजूला बसायचा, माहितीचे छापील कागद वाचून दाखवायचा, आणि कुमेदासान कधी या पानावर तर कधी त्या पानावर उड्या मारत आवाज बदलायचे. कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. एकदा सलग सात आवाज बदलून त्यांनी एक गाणं पुरं केलं, तेव्हा ओताबेनं टाळी दिली आणि म्हणाला, “आता मला कामावरून काढ बाबा!”

कुमेदासान तेराईसानकडे गेले आणि त्यांनी शब्द टाकला. “टेपचं यंत्र घेऊ नका. मिकाताचं नवीन वाद्य येतंय, ते घ्या. मी ते एकट्यानं चालवीन. कुणाची मदत लागणार नाही.”

“एकट्यानं?” तेराईसाननी विचारलं.

“एकट्यानं. नाही जमलं तर यंत्र लावा. मी हरकत घेणार नाही.”

वाद्यावर शेवटचा हात फिरवण्याआधी कंपनीनं गावातल्या काही वादकांना बोलावलं होतं, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवायला. नेमके कुमेदासान तापानं आडवे होते. त्यांनी ओताबेला पाठवलं. “बाकी काय हवं ते कापू देत,” ते अंथरुणातून म्हणाले, “पण रातकिडा राहिला पाहिजे. माझ्या वतीनं एवढं सांग.”

संध्याकाळी ओताबे पेअरचा डबा घेऊन आला. “सांगितलं,” म्हणाला. “तू झोप.”

जानेवारीत वाद्य जाहीर झालं. डोंगराकडून येणारा कोरडा वारा दारं हलवत होता, आणि वादक मंडळी नेहमीप्रमाणे ओकियोसानच्या कॅफेत जमली होती. मध्ये मिकाताचा चकचकीत कॅटलॉग. टेबलाशी ओताबे, कुमेदासान, ट्रम्पेट वाजवणारे म्हातारे कागियासान आणि मुलांना ऑर्गन शिकवणाऱ्या त्सुगेबाई. त्सुगेबाईंना गप्प बसणं आजवर जमलं नव्हतं.

“एका वेळी सोळा सूर!” त्सुगेबाई म्हणाल्या. “मला बोटंच दहा.”

“कोपरं वापरा,” कागियासान म्हणाले. “यात ट्रम्पेट पण आहे म्हणे. कसा आहे? वाजवणारा दारू मागत नाही एवढाच फायदा असेल.”

“बास पण आहे, ओताबेसान,” ओकियोसान कॉफी ठेवत म्हणाल्या. “आता तुमचं काय?”

“त्या बासला घाम येतो का? कोटाची बटणं तुटतात का? पाहुणे त्याला पाजतात का?” ओताबे म्हणाला. “नाही ना? मग मी आहे अजून.”

सगळे हसले. कुमेदासानही हसले. त्यांना आज फार बरं वाटत होतं. हॉटेलनं वाद्य मागवलंसुद्धा होतं.

“वाच की रे,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”

ओताबेनं वाचायला घेतलं. आवाजांची नावं वाचली, पेडलबद्दल वाचलं, आवाज साठवून ठेवायच्या डबीबद्दल वाचलं, रंगाबद्दल तर फारच रंगवून वाचलं. कुमेदासान ऐकत होते. ओताबे एरवी वाचताना जिथे थांबून शेरा मारतो तिथे आज तो थांबत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं.

“खिडकीचं काय लिहिलंय?”

“प्रकाशित खिडकी. दोन ओळी. अंधारातही वाचता येते.”

“छान. आणि पान बदलल्याचा आवाज?”

“ते काय कॅटलॉगमध्ये थोडंच लिहितात,” ओताबे म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

“कुठला आवाज?” त्सुगेबाईंनी विचारलं. “तो टिर्र टिर्र? अहो, तो तर काढला! बरं झालं काढला. त्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, हे काय खेळणं आहे का? आणि आपल्या ओताबेसाननी उठून अशी काही नक्कल केली त्याची! पिंजऱ्यातल्या किड्यासारखे हात करून. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते इंजिनियरसुद्धा हसले. मग काय, काढूनच टाकला. तुम्ही असायला हवं होतं, कुमेदासान.”

ओताबेनं कॅटलॉग मिटला. त्सुगेबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर कुमेदासानच्या डोळ्यांवर गेली आणि तिथेच अडकली.

“तो... तो तुमच्यासाठी होता?” त्या हळूच म्हणाल्या. “आम्हाला कुणी सांगितलं नाही हो. मला वाटलं, लहान मुलांसाठी असेल.”

“तुमची काही चूक नाही,” कुमेदासान म्हणाले. त्यांनी कप बशीत ठेवला. “ओताबे.”

“ऐक, सगळेच हसत होते,” ओताबे घाईनं म्हणाला. “मोठमोठे लोक होते तिथे, टोकियोहून आलेले. मी सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि कुणीतरी खेळणं म्हणालं, आणि... मला वाटलं, आत्ता जर मी म्हटलं की माझ्या मित्राला हे लागतं, तर ते तुझ्यावरच हसल्यासारखं होईल.”

“म्हणून तू हसलास.”

“तू सांभाळून घेशील असं वाटलं. तू काहीही सांभाळून घेतोस.”

“कर.”

“काय?”

“नक्कल. सगळ्यांनी पाहिली. मी ऐकली नाही.”

“कुमेदासान, जाऊ दे ना,” कागियासान म्हणाले.

“कर ना रे. मला पण हसू दे.”

ओताबेनं इकडेतिकडे पाहिलं. ओकियोसान तोंड फिरवून कप पुसू लागल्या. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि दातांमधून, अगदी हळू, तो आवाज काढला. थांबून थांबून, शेवटची चढती.

कुमेदासानना हसू आलं नाही. तो आवाज हुबेहूब होता. थांबण्याची जागासुद्धा बरोबर.

“हे तिसरं पान,” ते म्हणाले.

“हो.”

“बाकीचीही येतात?”

ओताबेनं कपातली कॉफी ढवळली.

“येतात का, ओताबे?”

“येतात.”

“म्हणजे त्या खोलीतल्या वादकांत हा आवाज कशाचा आहे हे ज्याला पाठ होतं, असा तू एकटाच होतास.” ते उठले. ओकियोसाननी कोट आणून दिला. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत घातले. मग दाराकडे वळत म्हणाले, “परकी माणसं हसली याचं मला काही वाटत नाही.”

ओताबे कॅटलॉग हातात धरून तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी कुमेदासाननी हिराइवांना फोन केला. हिराइवा पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. प्रत्येक माफीबरोबर पलीकडे ते वाकत असतील, असं कुमेदासानना वाटलं. “तुमचे मित्रच हसले,” हिराइवा म्हणाले, “तेव्हा मला वाटलं, तुम्हालाच तो नको असेल. तुम्ही मला स्पष्ट सांगायला संकोचत असाल.” वाद्यांची पहिली खेप कारखान्यातून बाहेर पडली होती. आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

हॉटेलात वाद्य आलं तेव्हा तेराईसाननी त्याच्यावर स्वतः फडकं मारलं. कुमेदासान त्यापुढे बसले. एक सपाट जागा दाबली, बासरी आली. पुन्हा दाबली, काहीच आलं नाही. आणखी एकदा दाबली आणि जे आलं ते कुठल्या पानावरचं, याचा त्यांना पत्ता लागेना. मोजून पाहिलं. पण एकदा मोजणी चुकली की परत पहिल्या पानावर यायची वाट सापडत नव्हती. तेराईसान मागे उभे होते. काही बोलत नव्हते, एवढी त्यांची माणुसकी.

“एकट्यानं जमणार नाही,” कुमेदासान शेवटी म्हणाले. “मी शब्द दिला होता. यंत्र मागवा.”

“मी आहे,” ओताबे मागून म्हणाला. तो केव्हा आला कुणाला कळलं नव्हतं. “मी डाव्या बाजूला उभा राहीन. बास वाजवताना एक हात मध्येमध्ये मोकळा असतो. बटणं मी दाबीन. पगार वाढवून मागत नाही.”

“अरे, मग झालं की!” तेराईसानना एकदम हायसं वाटलं. “काय म्हणता, कुमेदासान?”

कुमेदासाननी घरभाड्याचा विचार केला. नोबुएचा विचार केला. दिवसभर पाठी दाबून संध्याकाळी नुसतं घरी बसून राहण्याचा विचार केला. हा शेवटचा विचार सगळ्यात जड होता.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

त्या रात्रीपासून तसं सुरू झालं. गाण्याच्या मध्ये कुमेदासान डावीकडे किंचित मान वळवून म्हणत, “बासरी.” ओताबे म्हणे, “हो,” आणि बासरी येई. “व्हायोलिन.” “हो.” पहिले काही दिवस ते वाट बघत राहिले, ओताबे एकदा तरी चुकेल, चुकीचं पान लावेल, मग आपल्याला चारचौघांत त्याला काहीतरी बोलता येईल. पण ओताबे चुकत नव्हता. पुढेपुढे तर तो सांगायच्या आधीच आवाज बदलू लागला. कुठल्या कडव्याला कुमेदासानना काय हवं असतं हे त्याला माहीत होतं. ते त्याला नेहमीच माहीत होतं.

कुमेदासान तेव्हा वाजवायचं थांबवत. पट्ट्यांवरून हात उचलून म्हणत, “मी सांगितलं नव्हतं.”

“हो. चुकलं.” ओताबे आधीचा आवाज परत लावी.

“आता बासरी.”

“हो.”

आणि तीच बासरी पुन्हा येई.

वसंतात नागोयाहून आलेल्या एका वयस्क बाईंनी गाणं संपल्यावर दोघांना बिअर पाठवली. मग त्या स्वतः मंचापाशी आल्या. “किती वेळ मी तुम्हा दोघांकडेच बघतेय,” त्या म्हणाल्या. “एकानं तोंडातून शब्द काढायचा अवकाश, की दुसऱ्याचा हात तयार. असा मित्र मिळायला भाग्य लागतं हो.”

ओताबेनं ग्लास हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

कुमेदासान आवाजाच्या दिशेनं वाकले, नेहमीसारखे व्यवस्थित कमरेतून. “आभारी आहे,” ते म्हणाले. मग सरळ होऊन पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि डावीकडे मान न वळवताच पुढचा आवाज मागितला.