आखरी पाण्याचा पाणकर

बाबूलाल मामा रस्त्यानं चालले की गावातली माणसं खुर्चीवरून उठत नसत, पण विडी मात्र लपवत. सरपंच समोर आला तर एवढंही कोणी करत नाही. मामा आमच्या मोहटोल्याचे पाणकर. सिहोऱ्याहून आत गेलं की मोहटोला लागतं, तिथे जुना मालगुजारी तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर गावाचं सगळं धान. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणत्या दिवशी पाणी जाईल, किती वेळ जाईल, हे पाणकर ठरवतो. खांद्यावर फावडं आणि कमरेला तुडुमाच्या दाराची किल्ली, एवढाच त्यांचा सरंजाम. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतली, मातीच्या भिंतीतली, मोरी. तिचं दार उघडलं की पाणी पाटात उतरतं.

मामांची स्वतःची बांधी दीड एकर, पाटाच्या अगदी शेपटाला. तिला पाणी सगळ्यात शेवटी. मामांच्या आधी त्यांचे वडील पाणकर होते, त्यांचीही तीच रीत. "काहून?" असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "नळीत लिवलं हाय."

ही नळी पितळेची, हातभर लांब. मालगुजाराच्या, म्हणजे इंग्रजांनी सारावसुलीला नेमलेल्या गावमालकाच्या, काळात गावानं त्याच्याकडून एक करार लिहून घेतला होता, तो तिच्यात. वाळवी लागू नये म्हणून वरचं झाकण भंडाऱ्याच्या कसाराकडून डाख लावून कायमचं बंद करून आणलेलं. दरवर्षी रोवणीआधी, म्हणजे धानाच्या लावणीआधी, नळी पाळीवर ठेवायची, हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मग तुडूम उघडायचं. इतकी वर्षं हळद लागून नळी नवरीसारखी पिवळी झाली होती. आत लिहिलेलं गावातल्या एकानंही कधी वाचलेलं नव्हतं. पण त्याला हसायचा हक्क निदान मला तरी नाही. तुमसरच्या कॉलेजात मी राज्यघटनेच्या पेपरला बसलो आणि पास झालो, तोवर घटना मीही गाइडातच पाहिली होती.

गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यापासून वेगळं होऊन दहा वर्षं झाली, त्या साली पावसानं ऑगस्टातच हात आखडता घेतला. सप्टेंबरात धान निसवायला आलं. लोंबी बाहेर पडायच्या त्या आठ-दहा दिवसांत बांधीत पाणी नसेल तर लोंबी पोचट राहते आणि घरी फक्त तनस, नुसता पेंढा, येते. तलावात एका फेरीचं पाणी उरलं होतं, तेही सगळ्यांना पुरेल याची खात्री नव्हती.

गावाची बैठक भरली. सरपंच रिताताई होत्या, म्हणजे कागदावर. बोलायचं काम त्यांचे यजमान हेमराजभाऊ करत. हेमराजभाऊंच्या वडिलांनी जुन्या मालगुजाराची बांधी विकत घेतली होती, आणि गावच्या रिवाजानं मालगुजाराच्या बांधीचं पाणी मागून. सगळ्यांचं झालं की तिचं, आणि तिच्यानंतर पाणकराचं.

"मालगुजार मेला, मालगुजारी गेली, इंग्रज त कवाचे गेले," हेमराजभाऊ म्हणाले. "मंग माही बांधी अजून सजा काहून भोगून राहिली? कोणत्या कायद्यानं?"

"नळीत लिवलं हाय," मामा म्हणाले.

"त दाखवा! का देव हाय तो, दर्शन घ्यायचं अन् उघडायचं नाही?"

बोलणं वाकडं होतं, पण प्रश्न सरळ होता. आता नळी उघडणं भाग होतं. मामांना वाचायला जेमतेम येई, म्हणून सोबत मला घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तुमसरला गाडी बदलून एसटीनं भंडाऱ्याला गेलो. नळी मामांच्या मांडीवर, धोतरात गुंडाळलेली. कंडक्टरनं विचारलं, "का जी, बंदूक गिंदूक त नाही?" मामा म्हणाले, "कायदा हाय." कंडक्टरनं पुढे चौकशी केली नाही.

कसार भैय्यालाल शेठनं डाख तापवून झाकण काढलं. आतून जाडसर कागद निघाला, पिवळा पण शाबूत. खाली अंगठेच अंगठे, आणि एका कोपऱ्यात मालगुजाराची झोकदार सही. साल एकोणीसशे एकतीस. कलमं नऊ. दुकानातल्या घंगाळांच्या उतरंडीशेजारी उभं राहून मी वाचायला लागलो. रयतेच्या बांध्यांना आधी पाणी, मालगुजाराच्या बांधीस मागाहून. एका साली पाणी पाटाच्या डोक्याकडून, दुसऱ्या साली शेपटाकडून. पाणकर गाव निवडेल, मालगुजार नाही. मामा मान डोलावत होते. सातवं कलम वाचलं आणि मी थांबलो.

"वाच न, नीलेश."

"पाणकराच्या मेहनतीबद्दल पाणकराच्या बांधीस दरसाल पहिले पाणी द्यावे."

मामांची मान डोलायची थांबली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. कलम बदललं नाही.

येताना एसटीत मामांनी नळी पुन्हा धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली. मी मनात हिशेब मांडत होतो: पहिलं पाणी म्हणजे मामांचं दीड एकर शंभर टक्के पिकणार. शेवटचं म्हणजे बहुतेक गेलंच. आणि ही गोष्ट त्यांच्या हक्काची, लिहिलेली, त्यांच्या बापाचा अंगठा असलेली. वरठीचा थांबा आला तेव्हा मामा म्हणाले, "बापानं मले खोटं सांगतलं असंन का गा?"

घरी कुंतामामीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "चाळीस साल! चाळीस साल मी आखरी पाण्यातलं पोचट धान पाखडून राहिली, अन् नळीत पयलं पाणी! हळद कोणाले लावत होतो आपण?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता त घ्या. चोरीचं नाही, लिवलेलं हाय."

त्या दिवशी मामा जरा कमीच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर बैठक. मामा मला म्हणाले, "सगळं वाच. एकबी कलम गाळू नोको." मी सातवं वाचलं तेव्हा लोक मामांकडे पाहायला लागले. त्या नजरा बघण्यासारख्या होत्या. कुठे राग, कुठे लाज, आणि प्रत्येक नजरेत थोडं स्वतःच्या बांधीचं गणित.

सगळ्यात आधी उदार झाले हेमराजभाऊ. "घ्या बाबूलालजी, पयलं पाणी तुमचं. कागदच म्हणते. आपण कोण बोलणारे?" त्यांची उदारता कळायला फार अक्कल लागत नव्हती. पाणकर शेवटावरून पहिल्यावर आला की मालगुजाराची बांधी पुढे सरकायला कितीसा वेळ?

तेवढ्यात सुंदरबाई खाकरल्या. वय नव्वदीला टेकलेलं, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. करार झाला तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या.

"मी होती तवा इथंच," त्या म्हणाल्या. "आदल्या साली जंगल सत्याग्रह झाला. आपल्या गावचे तिघं सरकारी जंगलात गवत कापाले गेले, दोन महिने जेलात राहून आले. आले तवा म्हणत, कायद्याले नाही म्हणता येते. ते बायांनी आयकलं. मालगुजार पाणी पयले आपल्या बांधीत घे, अन् आमचं धान सुके. रोवणी आली त बायांनी ठरवलं, याच्या बांधीत पाय टाकाचा नाही. अकरा दिवस एकबी बाई गेली नाही. माही मायबी नाही गेली. रोपं पिवळी पडून राहिली, तवा याची सही झाली."

"मंग हे सातवं?" मामांनी विचारलं.

"ते त्यानंच घालाले लावलं. लय हुशार माणूस. इंग्रजानं गाव देऊन याले आपला केला, यानं पाणी देऊन पाणकर आपला कराचा पाहला. तुह्या बापानं अंगठा देला, कारण नाही देता त आठ कलमं जाती. मंग इथंच पाटात उभा राहून म्हणे, पयलं पाणी प्यालो त मी त्याचा, आखरी प्यालो त तुमचा. कागदावर नाही चढलं ते. त्याले लिवता कोठं येत होतं?"

पाठ केलेली सगळी कलमं मला त्या वेळी आठवली, राज्यकर्त्याच्या हाताला बांध घालणारी, आणि ती कोणकोणत्या देशांतून आली हेही. गाइडात या पाटाचा उल्लेख नव्हता. देशाला घटना मिळायच्या एकोणीस वर्षं आधी इथल्या बायांनी चिखलात पाय न टाकून एक घटना लिहून घेतली होती, आणि एका अंगठेबहाद्दरानं त्यातली पळवाट ओळखून स्वतःवरच बंद केली होती.

मामा उठले. त्यांनी कुंतामामीकडे पाहिलं. मामीनं तोंड फिरवलं, पण नाही म्हटलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्याकडे याला मंजुरी म्हणत असावेत.

"हेमराजचं खरं हाय," मामा म्हणाले. "सजा मालगुजाराले होती, मातीले नाही. त्याची बांधी पाळीनं येईन, सगळ्यायसारखी. अन् सातवं कलम खोडू नोको नीलेश, माह्या बापाचा अंगठा हाय त्याच्याखाली. खाली दहावं लिव. ज्याच्या हाती तुडूम, त्याची बांधी आखरी."

मी लिहिलं. पेन बॉलपेन होतं, कागद सुंदरबाईंच्या बालपणीचा. दोघांचं जमेना, दोनदा गिरवावं लागलं. मग सह्या झाल्या. हेमराजभाऊंनी पेन रिताताईंच्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच गावानं सरपंचाची सही होताना पाहिली. मामांनी शेवटी केली, अडखळत, पण अंगठा दिला नाही.

त्या फेरीत हेमराजभाऊंची बांधी भरली. मामांच्या बांधीत पाणी पोचलं ते निम्म्यापर्यंत, आणि तेवढ्यात तलाव आटून तुडुमाचा आवाज बंद झाला. दिवाळीनंतर कापणीला गेलो तेव्हा बांधीच्या मधोमध रेघ ओढल्यासारखं दिसत होतं. अलीकडे लोंब्या भरून वाकलेल्या, पलीकडे ताठ उभी तनस.

कुंतामामी विळा घेऊन त्या रेघेवर उभी होती. "तुह्या दहाव्या कलमाचं पीक पाय," ती मला म्हणाली आणि पोचट बाजूनं कापायला लागली. मामांनी नळी घरी आणली होती. झाकण पुन्हा डाखायला त्यांनी भंडाऱ्याला नेली नाही. आता नळीचं तोंड चिंधीचा बोळा घालून बंद असतं. रोवणीआधी हळद अजून लागते, पण आधी कोणीतरी बोळा काढतो आणि दहाही कलमं मोठ्यानं वाचतो.